कोर्ट उठेपर्यंत

“मीठ कमी आहे म्हणायचीसुद्धा चोरी झालीय या घरात,” मंदार ताटात बघत पुटपुटला. आमटीला ऐकू जावं, बायकोला जाऊ नये, इतक्याच आवाजात.

बायकोला ऐकू गेलं. तृप्ती वाळिंबे धामणखेडच्या सत्र न्यायालयात न्यायाधीश होती. वकिलांची कुजबुज ऐकण्यात तिचे कान मुरलेले होते. तिने आमटीचा घोट घेतला. मीठ कमी होतं का? असेल. तिला कळेना. आणि कळत नाही याचंही काही वाटेना, ही त्यातली खरी गोम.

“वरून घालून घे की,” ती म्हणाली.

“मीठ नकोय मला. ‘अगंबाई, विसरलेच!’ असं तू एकदा दचकून म्हणावंस, एवढंच हवंय.”

तृप्ती दचकली नाही. दचकायचं नाही, हेच तर ती चार महिने शिकत होती. न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात त्याला ‘समत्वाचा सराव’ असं भारदस्त नाव होतं. गाणी ऐकायची नाहीत, भांडायचं नाही, बातम्या बघायच्या नाहीत, आणि मनात काही उसळलं की डोळ्यांसमोर कोरी भिंत आणायची. हा सराव तिला इतका साधला होता की लेकीने, गार्गीने, “आई, हिमनदीच्या केंद्रावर नेमणूक झाली माझी!” असं किंचाळून सांगितलं, तेव्हा तृप्ती म्हणाली होती, “बरं.” तेव्हापासून गार्गी फक्त बापाला फोन करायची.

हे सगळं एका पट्टीपायी.

कलमापक म्हणत तिला. कपाळावरून दोन्ही कानशिलांपर्यंत येणारी, गजऱ्याएवढ्या रुंदीची पट्टी. आतल्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढे संवेदक. एखादी गोष्ट समोर आली की मेंदूत विजेची एक बारीकशी लहर उठते. आपण विचार करायच्या आधी, ‘छे, मी कुठे कोणाच्या बाजूची!’ असं स्वतःला बजावायच्याही आधी ती उठून गेलेली असते. पट्टी ती लहर टिपते. निकाल विरुद्ध गेला की प्रत्येक पक्ष ओरडायचा, न्यायाधीश त्यांचा माणूस आहे. मग लोकप्रतिनिधींवरच्या खटल्यात न्यायाधीशाने पट्टी बांधलीच पाहिजे, असा कायदा झाला. दोन्ही बाजूंनी बाकं वाजवून मंजूर झालेला त्या वर्षातला तो एकमेव कायदा.

आता काटा म्हटला की शून्य आलं. ते कुठे मांडायचं? समिती बसली. निष्पक्ष माणूस आणून त्याचा मेंदू मोजावा म्हटलं, तर असा माणूस कोण यावर एकमत होईना. शेवटी सत्तेतल्या लोकधुरा पक्षाचे काही शे कार्यकर्ते आणि विरोधातल्या जनसेतू आघाडीचे तितकेच कार्यकर्ते बोलावले, त्यांना भाषणं ऐकवली, चेहरे दाखवले, आणि दोघांच्या लहरींच्या बरोबर मध्ये जो बिंदू आला त्याला शून्य म्हटलं. निष्पक्ष म्हणजे काय, तर दोन पक्षांच्या मधोमध. खरं काय ते या दोघांच्या मध्ये नसून भलतीकडेच उभं असलं तर, हे समितीत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर चहा गार झाला असता.

शून्यापासून दोन्हीकडे दहापर्यंत चालत असे. कोर्ट उठलं की दिवसाची सरासरी काढायची. ती दहाच्या पुढे गेली तर दुसऱ्या दिवसापासून न्यायाधीश बाद, त्याच्यापुढे झालेल्या साक्षी बाद, खटला पहिल्यापासून.

आमदार गलांडेंवरचा खटला असा दोनदा पहिल्यापासून झाला होता. तृप्ती तिसरी.

“आज तिची साक्ष संपेल?” मंदारने विचारलं. कोणाची, ते त्याने म्हटलं नाही. घरात खटल्यातलं नाव घ्यायचं नाही असा नियम होता.

“संपायला हवी.”

“तिसऱ्यांदा सांगणार बिचारी.”

“मंदार.”

“बरं बाबा. भिंत आण डोळ्यांपुढे.” तो उठला आणि अर्धं ताट तसंच टाकून हात धुवायला गेला.

* * *

कोर्टाच्या फाटकावर मोठा पडदा लावलेला होता आणि त्यावर तृप्तीच्या मेंदूचा काटा दिसत असे. काटा डावीकडे लोकधुराच्या बाजूला झुकला की अर्धी गर्दी खूश, उजवीकडे जनसेतूच्या बाजूला गेला की उरलेली अर्धी. शेंगदाणेवाल्याचा धंदा दोन्हीकडून.

पण आज गाडीतून उतरताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घोषणा त्याच होत्या, तोंडं मात्र बदललेली. काल “गलांडेला फाशी द्या” म्हणणारा जाड मिशीवाला आज “भाऊ, तुम आगे बढो” ओरडत होता. आणि गलांडेभाऊंचा फोटो छातीवर लावून फिरणारी कालची पोरं आज त्याच फोटोवर चप्पल आपटत होती.

तिच्या दालनात फैयाज मणेर पट्टी पुसत उभा होता. कलमापक सांभाळणारा कोर्टाचा कर्मचारी. तिच्याच वयाचा आणि तोंडाळ.

“मॅडम, तुम्ही बातम्या बघत नाही, पण हे सांगावंच लागेल. गलांडे काल जनसेतू सोडून लोकधुरात गेले. हार घातला, पेढा भरवला, सगळं झालं.”

“खटला चालू असताना?”

“खटला चालू आहे म्हणूनच.” फैयाजने पट्टी तिच्या कपाळावर बसवली. “आता मजा बघा. कालपर्यंत तुमचा काटा लोकधुराकडे साडेआठ होता. म्हणजे सगळे म्हणायचे, बाई गलांडेच्या विरुद्ध. काटा आजही तिथेच आहे. पण गलांडेच पलीकडून अलीकडे आलेत. म्हणजे यंत्राच्या हिशेबाने तुम्ही आता आरोपीच्या बाजूच्या. जनसेतूवाले बाहेर बोंबलताहेत, बाई विकली गेली म्हणून.”

“यंत्राला माणूस पक्ष बदलतो हे माहीत नाही?”

“आपल्याच लोकांनी बनवलंय हो, मॅडम. इतकी साधी गोष्ट कोणाच्या लक्षात राहणार?”

एरवी ती हसली असती. तिने भिंत आणली आणि उठली.

* * *

धामणखेडच्या नगरपालिकेत नीलेश डोळस नावाचा कनिष्ठ अभियंता होता. टेकडीवर पाण्याची नवी टाकी बांधली गेली. बांधणारा कंत्राटदार म्हणजे आमदार विश्वंभर गलांडेंचा मेव्हणा. टाकीला भेगा होत्या, म्हणून नीलेश काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करेना. एके संध्याकाळी त्याला टाकीवर बोलावून घेतलं. तो वरून पडून मेला. पडला तेव्हा त्याच्या खिशात फोन चालू होता आणि दुसऱ्या टोकाला त्याची बायको शर्वरी होती.

फोनचं ध्वनिमुद्रण होतं. पण कुठल्याही आवाजात काहीही बोलवून घेता येतं, अशी यंत्रं पोराटोरांच्या हातात आल्यापासून मुद्रित आवाज पुरावा म्हणून चालेनासा झाला होता. जिवंत माणसाने जिवंत कानांनी ऐकलेलं, आणि कोर्टात उभं राहून सांगितलेलं, तेवढंच ग्राह्य. टाकीवरचा रखवालदार दुसऱ्या खटल्यानंतर छातीत कळ येऊन गेला. त्याची साक्ष तर आधीच बाद झालेली. उरली एकटी शर्वरी.

गंमत म्हणावी की काय म्हणावं, पण या तीन खटल्यांत ‘मारलं’ हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. आरोपपत्राच्या बाहेर तो फिरकलाच नाही. सरकारी वकील ‘कथित घटना’ म्हणत, बचावाचे वकील ‘तो दुर्दैवी प्रसंग’, वर्तमानपत्रं ‘टाकी प्रकरण’. आणि पडद्यावरच्या काट्यावर तावातावाने बोलणाऱ्या गावात नीलेश डोळस कोण, हे निम्म्यांना आठवून सांगावं लागे.

सरकारी वकील पुंडे काल टेबलावर मुठी आपटत होते. आज त्यांनी गळ्याला मफलर गुंडाळली होती.

“मॅडम, घसा बसलाय. पुढची तारीख मिळाली तर…”

त्यांचं सरकार लोकधुराचं होतं. घसा बसणारच.

“साक्षीदार हजर आहे. बसल्या घशाने विचारा,” तृप्ती म्हणाली.

बचावाचे किणीकर वकील उठून गोड हसले. “आमची काहीच हरकत नाही. मॅडमच्या निष्पक्षतेवर आमचा पूर्ण विश्वास आहे.” कालपर्यंत हेच किणीकर रोज तिच्या काट्यावर हरकत घेत होते.

शर्वरी डोळस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. शाळेत संगणक शिकवणारी, तिशी ओलांडलेली. मुलांपुढे बोलायची सवय असल्यामुळे असेल, ती स्पष्ट, सावकाश बोलत असे. नीलेश टाकीवर का गेला, फोन कधी लागला, वारा कसा येत होता, सगळं तिने सांगितलं. तृप्ती समोर बघत होती. भिंत होती. पांढरी, कोरी. शर्वरीचे शब्द त्या भिंतीवर येऊन आपटत आणि खाली पडत. काटा साडेआठवर स्थिर.

“मग कोणाचा आवाज आला, म्हणजे, आवाजासारखं काही आलं का?” पुंडेंनी विचारलं.

शर्वरीने पुंडेंकडे पाहिलंच नाही, तृप्तीकडे पाहिलं.

“मॅडम, तुम्ही ऐकत नाही आहात.”

कोर्टात चुळबुळ झाली. किणीकर उठू लागले, तृप्तीने हाताने थांबवलं.

“मी ऐकतेय. बोला.”

“नाही, मॅडम. शाळेत मला कळतं, कोणाचं लक्ष आहे आणि कोण नुसतं माझ्याकडे तोंड करून बसलंय. पहिले साहेब माझं ऐकून रडले. दुसऱ्या साहेबांनी डोळ्यांवर हात घेतला होता. दोघांनाही काढलं. म्हणजे माझं ऐकलं की माणूस जातो, आणि नाही ऐकलं की राहतो.” तिचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं. “मी हे प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगते. सांगून घरी गेले की पोरगी विचारते, झालं का गं आई? काय सांगू? मॅडम, चौथ्यांदा मी येणार नाही. मला नाही होणार. तेव्हा ऐकायचं असेल तर आत्ता ऐका. नाहीतर मला घरी जाऊ द्या.”

तृप्तीने भिंत आणायचा प्रयत्न केला. भिंत आली, पण तिच्यामागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटू लागलं.

“जेवणाच्या सुट्टीनंतर पुढे,” ती म्हणाली.

* * *

दालनात तिने डबा उघडलाच नाही. दोन्ही हात टेबलावर पसरून बसली.

शर्वरी बरोबर बोलली होती, आणि ते तृप्तीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आधीचे दोघं न्यायाधीश कोणाच्या बाजूचे नव्हते. पहिल्याला तर मतदान करायचाही कंटाळा. ते कोरे बसले होते. मग पुरावा ऐकला, आणि त्यांना पटलं. ऐकून पटलेला मेंदू आणि आधीपासून कललेला मेंदू, दोघांची लहर पट्टीला सारखीच दिसत होती. गलांडे नावाशी राग जडला, की ती लहर लोकधुराच्या कार्यकर्त्यांशी जुळायची. बस्स. काटा डावीकडे. म्हणजे या खटल्यात टिकायचं तर पुरावा पोचूच द्यायचा नाही, आणि तो पोचला नाही तर निकाल कशावर द्यायचा? चार महिने ती टिकली होती. टिकली म्हणून सगळे तिला शाबासकी देत होते.

तिने मंदारला फोन लावला. कामाच्या वेळात ती कधी लावत नसे.

“काय झालं?” तो घाबरूनच म्हणाला.

“मंदार, मी गेले चार महिने कोणाचंच ऐकलेलं नाही.”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

“मला वाटलं फक्त माझं,” तो म्हणाला.

तिने डोळे मिटले. “गार्गी बोलली होती तेव्हा… ती रडली का रे नंतर?”

“रडली. तुला सांगू नको म्हणाली.” त्याने आवाज खाली आणला. “तृप्ती, सोड हा खटला. आजारी आहे म्हणून कळव. तू गेलीस तर चौथा येईल, चौथा गेला तर पाचवा. तुझ्याच्याने काही व्हायचं नाही यात. तू तेवढी परत ये.”

तो हे चिडून म्हणत नव्हता, विनवत होता. आणि तिला जावंसं वाटलं. खरंच उठून, पर्स घेऊन, मागच्या दाराने. पण चौथा आला तरी त्याच्यापुढे शर्वरी नसणार होती. रिकामा पिंजरा, मग पुराव्याअभावी सुटका, मग हार आणि पेढे.

“आज उशीर होईल,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

फैयाज दारात उभा होता. त्याने दार लोटून घेतलं.

“मॅडम, एक बोलू? पट्टी अर्धं बोट वर, केसांवर सरकवली ना, तर काटा चारच्या वर जात नाही. मी करतो. कोणाला कळणार नाही.”

“कळेल. किणीकर प्रत्येक नोंद तपासून घेतात. सापडलं तर निकालही बाद, तूही तुरुंगात.”

“मग काय, त्या बाईचं न ऐकता बसणार?”

तृप्तीने त्याच्याकडे पाहिलं. “फैयाज, काटा दहाच्या वर गेला त्या क्षणी मी बाद होते का?”

“नाही, मॅडम. घंटी वाजते नुसती. सरासरी मी कोर्ट उठल्यावर काढतो. मग आदेश निघतो, तो दुसऱ्या दिवसापासून लागू.”

“आणि कोर्ट उठलंच नाही तर?”

कोर्ट कधी उठायचं ते फक्त खुर्चीवर बसलेला माणूस ठरवतो. संध्याकाळी घरी जायची घाई सगळ्यांनाच असते, म्हणून हे कधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि निकाल द्यायला किती दिवस घ्यावेत हे कायद्यात होतं. किती लवकर देऊ नये, हे कुठेच नव्हतं.

“वरचं कोर्ट फिरवेल, मॅडम,” फैयाज हळूच म्हणाला. “तुम्हाला तर घरीच बसवतील.”

“बसवू देत. पण तिची साक्ष बाद करता येणार नाही. मी न्यायाधीश असताना निकाल दिला, तर ती नोंदीवर राहील. वरचे काय करायचं ते करोत, ती वाचून करतील.”

* * *

दुपारी तृप्ती खुर्चीत बसली आणि भिंत आणली नाही.

“सांगा, शर्वरीताई. मी ऐकतेय.”

शर्वरीने तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बोलायला लागली.

“नीलेश म्हणाला, ‘भाऊ, सही मी करणार नाही, खाली शाळा आहे.’ माझीच शाळा, मॅडम, टेकडीखालची. मग गलांडेसाहेबांचा आवाज आला. तो मी ओळखते, आमच्या स्नेहसंमेलनाला ते दरवर्षी येतात. ते म्हणाले, ‘तुला कोणी मत विचारलं?’ मग नीलेश म्हणाला…” पिंजऱ्याच्या कठड्यावर तिने बोटं घट्ट आवळली. “म्हणाला, ‘भाऊ, कॉलर सोडा. मागे कठडा नाही.’ दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा ‘भाऊ’ एवढंच झालं. मग वारा. आणि गलांडेसाहेब म्हणाले, ‘गेला की रे.’ असं म्हणाले, जसं हातातून कप पडावा.”

तृप्तीने ते सगळं आत येऊ दिलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. तिला ती टाकी दिसली, तो कठडा नसलेला काठ दिसला, फोन कानाशी धरून स्वयंपाकघरात उभी असलेली बाई दिसली. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. घंटी वाजली. बाहेर फाटकावर एकच गलका उठला. काटा बारा, मग चौदा.

किणीकर ताडकन उभे राहिले. इतक्या आसवांसमोर सकाळचा विश्वास उडून गेला होता. “मॅडम, घंटी झाली! कोर्ट उठावं अशी माझी विनंती आहे.”

“ऐकली. उलटतपासणी घ्या.”

“पण सरासरी…”

“कोर्ट उठल्यावर. घ्यायचीय का उलटतपासणी?”

किणीकरांनी घेतली, पण त्यांचं लक्ष दाराकडे होतं. शर्वरी एका शब्दाने हलली नाही. मग तृप्तीने आरोपीला उभं केलं. पुराव्यात जे आलं त्यावर आरोपीला काय म्हणायचंय, हे न्यायाधीशाने स्वतः विचारायचं असतं.

विश्वंभर गलांडे उठले. अंगावर नव्या पक्षाचं उपरणं होतं. ओठांवर मात्र दोन खटल्यांत घोटलेलं जुनंच उत्तर आलं. “हा सगळा सत्ताधारी लोकधुरा पक्षाचा माझ्याविरुद्धचा कट आहे.”

किणीकरांना ठसका लागला.

“म्हणजे तुमच्याच पक्षाचा?” तृप्तीने विचारलं.

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. गलांडेंनी स्वतःच्या उपरण्याकडे पाहिलं. “नाही, म्हणजे… विरोधकांचा. जे काल… जे आता विरोधक आहेत त्यांचा.”

“साक्षीदाराने जे ऐकलं त्याबद्दल काय?”

“खोटं आहे.”

“बचावाचा साक्षीदार?”

“नाही,” किणीकर पुटपुटले. “युक्तिवादाला उद्याची तारीख…”

“आत्ता.”

पाच वाजून गेले. शिपायाने खिडक्या लावायला घेतल्या आणि मॅडम हलत नाहीत असं बघून पुन्हा उघडल्या. किणीकर काट्यावर बोलत राहिले, पुराव्यावर नाही. मग तृप्ती पुंडेंकडे वळली.

“सरकारचं म्हणणं काय?”

पुंडे उभे राहिले. त्यांचा फोन टेबलावर सारखा थरथरत होता. त्यांनी तो पालथा केला, शर्वरीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. “सरकारचं म्हणणं… जे नोंदीवर आलंय, त्या कथित घटनेबाबत… न्यायालयाने योग्य तो विचार करावा.” ते बसले. खाली मान घालून बसले, आणि तृप्तीला त्यांची कीव आली. कीव येतेय हेही तिला जाणवलं.

बाहेर दोन्ही बाजूंच्या घोषणा आता एकच झाल्या होत्या. सकाळपासून एकमेकांवर धावून जाणारे लोक मिळून ओरडत होते: न्यायाधीश बदला. फैयाज कोपऱ्यात यंत्राजवळ हाताची घडी घालून उभा होता.

“निकाल मी इथेच सांगून लिहवते आहे,” तृप्ती म्हणाली. लघुलेखकाने बोटं सरसावली. “पुराव्याची चर्चा आधी. साक्षीदार शर्वरी डोळस यांची साक्ष मी ऐकली आहे आणि ती विश्वासार्ह आहे.”

तिने एकेक मुद्दा घेतला. दाखला, भेगा, फोन, आवाज, कॉलर. लिहवताना ती घाई करत नव्हती. काय होणार हे तिला पक्कं दिसत होतं. उद्या दालनावर दुसऱ्याची पाटी, वर अपील, कदाचित स्थगिती. गलांडे कदाचित पुन्हा पक्षही बदलतील. पण आज संध्याकाळी ही खुर्ची तिची होती.

लघुलेखक थांबला. “मॅडम, पुढे ‘कथित घटनेस आरोपी जबाबदार असल्याचे दिसून येते’ असं घेऊ?”

“नको,” ती म्हणाली.

तिने चष्मा काढला आणि थेट आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं.

“विश्वंभर गलांडे, नीलेश डोळस पडला नाही. तुम्ही त्याला मारलंत.”